डोंगेवाल्याची हाक

लोक त्याला ‘सर’ म्हणत. मीही तोंडावर ‘सर’च म्हणायचो. पण लिहिताना मी त्याला ‘तो’ म्हणणार आहे, कारण आमच्यात जे काही होतं त्यात आदर फारसा नव्हता. आता तो आदर मागाहून आणून चिकटवला तर त्यालाच आधी हसू आलं असतं.

तो नागपूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचा आणि उरलेल्या वेळात सिनेमे काढायचा. थेटरात लागणारे नव्हेत. लहान फिल्मवरचे, वीस-पंचवीस मिनिटांचे, शहरातल्या हौशी मंडळींनी खुर्च्या मांडून बघायचे. मी त्याचा नट. दुसरा नट त्याच्याकडे टिकलाच नसता आणि मला दुसऱ्या कुणी घेतलं नसतं, त्यामुळे आमची जोडी सात-आठ वर्षं चालली. हल्ली त्याच्याबद्दल कुणी विचारायला आलं की त्यांना मोठ्या माणसाच्या आठवणी हव्या असतात. मी सांगतो, बाबांनो, तो अशक्य माणूस होता. ते हसतात. त्यांना वाटतं मी प्रेमानं बोलतोय.

आमची ओळख खापरखेड्याला झाली. तिथल्या पॉवर हाऊसमध्ये मी ऑपरेटर होतो आणि कॉलनीच्या गणपतीत नाटकात काम करायचो. त्या वर्षी तो कुणाचा तरी पाहुणा म्हणून आला होता. पडदा पडल्यावर मागे आला. मी खोबरेल तेलानं रंग पुसत होतो.

“अभिनय फार वाईट करता तुम्ही,” तो म्हणाला. “पण उभे छान राहता.”

हाणावा एक असं वाटलं. त्याऐवजी मी विचारलं, “म्हंजे कसा?” आणि तिथंच फसलो.

खरं कारण वेगळं होतं, तेही सांगून टाकतो. मी एकटा होतो. आईवडील गेलेले, लग्न झालेलं नाही, दोन खोल्यांचं क्वार्टर. शिफ्ट संपवून आलो की शेजारच्या घरातली भांडीकुंडी, पोरांचा गलका, नवराबायकोची कुरबुर भिंतीतून ऐकू यायची आणि माझ्या घरात मात्र स्टोव्ह तेवढा बोलायचा. कॉलनीत माणसं होती, नाही असं नाही. ‘काय गा, जेवला का?’ म्हणायची. पण जेवला का, याच्यापुढे काही विचारायचं असतं हे कुणाच्या लक्षात येत नसे. हा पहिला माणूस, जो माझ्याकडे नीट बघून काहीतरी वाईट बोलला होता.

त्याचा कॅमेरा किल्लीचा होता. घड्याळासारखी किल्ली भरायची, की जेमतेम अर्धं मिनिट घरघरत चालायचा आणि थांबायचा. त्यात आवाज यायचा नाही. फिल्म धुवायला मुंबईला जायची आणि कधी परत येईल याचा नेम नसायचा, त्यामुळे आपण काय केलंय ते दोघांनाही ठाऊक नसे. मग मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागली की त्याच्या धंतोलीतल्या घरी आवाज भरायचं काम निघायचं. खिडक्यांना गाद्या लावायच्या, प्रोजेक्टर बाहेरच्या खोलीत ठेवायचा, दाराच्या काचेतून भिंतीवर चित्र पाडायचं, आणि आत मी आणि टेपरेकॉर्डर. कूलर बंद, पंखाही बंद, कारण दोन्हींचा आवाज टेपवर यायचा. नागपूरचा मे. मी बनियनवर बसून भिंतीवरच्या माझ्याच ओठांवर माझे शब्द बसवायचो. त्याला त्या खोलीत बसायची बंदी होती. श्वास घेताना त्याचं नाक बारीक शिट्टी वाजवायचं आणि तीही टेपवर यायची. मग तो दाराबाहेर उभा राहून काचेतून हातवारे करायचा, नि वहिनी, म्हणजे त्याची बायको, मधून मधून मला पन्ह्याचा पेला आत सरकवायच्या.

घामानं निथळत मी तिथं जे दिवस काढले तेच वर्षातले माझे खरे दिवस होते. त्याला हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं लगेच काहीतरी चूक काढली असती.

भांडणाबद्दल काय सांगू? खूश असला की तो मला ‘तू’ म्हणायचा आणि संतापला की ‘आपण’. “आपण जरा माणसासारखं बसाल का?” असं ऐकलं की समजायचं, आज काही खरं नाही. एकदा कळमेश्वरला एका बंद फाटकासमोर त्यानं मला सकाळपासून उन्हात बसवलं. माणूस वाट बघतोय असा शॉट होता. दुपार झाली तरी कॅमेऱ्याला हात लावीना. “अजून कंटाळा दिसून नाही राहिला,” म्हणे. मी उठलो, पायातले बूट काढले आणि शेजारच्या विहिरीत टाकले. त्याचे होते ते बूट. त्यानं एकदा विहिरीकडे बघितलं, एकदा माझ्या पायांकडे बघितलं आणि घाईघाईनं किल्ली भरायला लागला. म्हणाला, “असाच बस. पाय हलवू नको.” तो शॉट चांगला आला, हे अजूनही माझ्या डोक्यात जातं.

भांडण झालं की आमचा एक दस्तूर होता. जो आधी बोलेल तो हरला. पण काम तर थांबवायचं नाही. मग वहिनींना मधे घ्यायचं. आम्ही दोघं चार हातांवर उभे आणि तो म्हणायचा, “त्यांना सांग, मान जरा खाली.” वहिनी माझ्याकडे वळून म्हणायच्या, “भाऊजी, मान खाली.” मी म्हणायचो, “वहिनी, त्यांना सांगा, मान दुखून राहिली माही.” वहिनी पलीकडे वळायच्या. असा अख्खा एक सिनेमा आम्ही काढला आहे. वहिनी कधी चिडल्या नाहीत. फक्त दोघांसाठी एकाच ताटात पोहे आणून ठेवायच्या.

शेवटचा सिनेमा डोंगेवाल्याचा. खाप्याजवळ कन्हान नदीच्या काठी एक माणूस आयुष्यभर लोकांना डोंग्यातून पलीकडे सोडतो. पुढे पूल होतो. लोक पुलावरून जायला लागतात आणि हा मात्र रोज डोंगा घेऊन बसतो, अशी गोष्ट. मला ती फार आवडली होती. वाटलं, हे काम माझ्याशिवाय कुणाला येणार नाही. माझं सगळं म्हणणं एका जागी होतं. शेवटी डोंगेवाला रेतीतून चालत जातो तेव्हा त्यानं एक हाक मारली पाहिजे. रोज पलीकडच्या काठाला मारायचा तशीच. कोणी येते का, म्हणून.

“नाही,” तो म्हणाला. “हाक मारली की बघणाऱ्याला कीव येते. मला कीव नको.”

“सर, डोंगेवाला हाक नाही मारणार त काय सायकलची घंटी वाजवणार?”

“तो हाक मारत नाही, हाच तर सिनेमा आहे.”

“मंग तुमचा सिनेमा चूक आहे.”

हे त्याच्या जिव्हारी लागलं. “आपण नट आहात,” तो म्हणाला. “आपल्याला उभं राहता येतं म्हणून आणलंय. विचार करायला मी आहे.” आणि त्याच्यावर मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. बोललो ते बरोबरच बोललो असं माझं आजही मत आहे. फक्त इतक्या मोठ्यानं बोलायला नको होतं.

तो शेवटचा शॉट घ्यायला गेलो तेव्हा आमचं बोलणं बंद होऊन बरेच दिवस झाले होते. वहिनींच्या आईला बरं नव्हतं, त्यामुळे त्या आल्या नव्हत्या. आम्ही दोघंच, त्याच्या स्कूटरवर, मधे कॅमेऱ्याची पेटी. नागपूरपासून खाप्यापर्यंत एक शब्द नाही. नदीवर पोचल्यावर मी धोतर नि बंडी घातली, माझे कपडे आणि घड्याळ स्कूटरच्या डिक्कीत ठेवलं. त्यानं चपलेच्या टोकानं रेतीत रेघ ओढली, तिथं मला उभं राहायचं होतं. मग हात लांब करून दिशा दाखवली. तिकडे चालत जायचं होतं. मी मान हलवली.

त्याचा एक नियम होता. सुरू झालेला शॉट तो ‘बस’ म्हणेपर्यंत नटानं मोडायचा नाही. मागे तर बघायचंच नाही. मागे बघितलं की शॉट मेला, असं तो म्हणायचा.

मी चालायला लागलो. पाठीमागे कॅमेऱ्याची घरघर सुरू झाली आणि थोड्या वेळानं थांबली. किल्ली संपली हे मला कळलं. त्यालाही कळलंच असणार. आता तो ‘बस’ म्हणेल म्हणून मी पाय जरा हळू टाकले. पण त्याला बोलायचं नव्हतं. आधी बोलेल तो हरला. आणि मलाही वळायचं नव्हतं, कारण ‘बस’ ऐकू आलं नव्हतं. अर्ध्या मिनिटाच्या कॅमेऱ्यासमोर मी अर्धा तास तरी चाललो असेन. दोन शिकलेसवरलेले बाप्ये, एक रेतीत चालतोय, एक रेतीत उभा आहे, आणि मधे कुणी ‘भाऊजी, झालं’ म्हणायला नाही.

नदी वळण घेते तिथवर पोचलो आणि मला रडू यायला लागलं. रागानं आलं असेल, काय की. मी तोंडाला दोन्ही हात लावले आणि हाक मारली, “हो ऽऽ, कोनी येते का ऽऽ!” त्याला नको होती म्हणून मारली. थोडा थांबलो. मग परत मारली. ही दुसरी डोंगेवाल्याची नव्हती. ती मी माझ्यासाठी मारली होती आणि वाटत होतं की आता तरी हा गाढव काहीतरी बोलेल.

मागून काही आलं नाही. वळणापलीकडे रेतीचे ट्रक भरत होते. एका ट्रकवाल्यानं माझं धोतर, माझे अनवाणी पाय बघून न विचारता वर घेतलं. रेतीवर बसून मी घरी आलो.

आठवड्यानं त्याच्या कॉलेजच्या शिपायाबरोबर माझे कपडे आले. वहिनींनी धुऊन इस्त्री केलेले, वर घड्याळ. मी सगळे खिसे उलटे करून बघितले. काही नव्हतं.

मला काळजी नव्हती. आवाज अजून भरायचा होता ना. डोंगेवाला दोन-चार ठिकाणी बोलतो, स्वतःशी पुटपुटतो, डोंग्याला शिव्या देतो, आणि त्या ओठांवर माझ्याशिवाय कोण बोलणार? मे आला की त्याला मला बोलावावंच लागेल. तो हरेल, मी मोठ्या मनानं जाईन, असं मी ठरवून टाकलं. एप्रिलपासून गार पाणी बंद केलं. आंबट बंद. रात्रपाळी दुसऱ्याला दिली, म्हणजे आवाज बसायला नको. रोज दुपारी खोलीचं दार लावून पंखा बंद करून बसायचो आणि डोंगेवाल्याची वाक्यं म्हणायचो. शेजारी म्हणायचा, “काहून गा, कोणाशी बोलून राहिला?” मी म्हणायचो, रेडिओ आहे.

पॉवर हाऊसच्या गेटवर फोन होता. येता-जाता वॉचमनला विचारायचो, मला काही निरोप? तो आधी ‘नाही साहेब’ म्हणायचा, नंतर मी दिसलो की नुसती मान हलवायचा, आणि शेवटी शेवटी मी येताना दिसलो की दुसरीकडे बघायला लागला. मे गेला. कॉलेजं उघडली. मी गार पाणी प्यायला लागलो.

सिनेमा दाखवला त्या हिवाळ्यात, सीताबर्डीच्या एका सभागृहात. मला आमंत्रण नव्हतं. कॉलनीतल्या एकानं पेपरात वाचलं आणि तोच मला ओढून घेऊन गेला. आम्ही अगदी मागे बसलो. तो पुढे होता, वहिनी त्याच्या शेजारी. माझ्या मनात एकच होतं, माझ्या तोंडात कुणाला घातलंय? पुण्याचा कुणी आणला असेल, रेडिओवरचा कुणी असेल. ज्यानं केलं असेल त्याचा गळा धरायचा, असं ठरवून मी बसलो होतो.

अंधार झाला. नदी दिसली, डोंगा दिसला, मी दिसलो. मी तोंड उघडलं आणि माझाच आवाज आला.

माझाच. बोलायच्या आधी मी घसा खाकरतो, तसा खाकरला. वाक्याच्या शेवटी मी शब्द गिळतो, तसा गिळला. क्षणभर मला खरंच वाटलं की मी जाऊन बोलून आलोय आणि विसरलोय. शेजारचा माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाला, “काय बोलून राहिला गा तू! मले त माहीतच नव्हतं!” मग डोंगेवाल्यानं मोठा श्वास घेतला आणि त्या श्वासात बारीक शिट्टी वाजली.

पुढचं सगळं मी पडद्याकडे न बघता त्याच्या डोक्याकडे बघत ऐकलं. तो खुर्चीत जरा खाली घसरून बसला होता, हलत नव्हता.

शेवटचा शॉट आला. पाठमोरा मी, रेतीतून चाललेलो. कॅमेऱ्यानं टिपला होता तेवढाच, लहानसा. मग चित्र बदललं आणि नुसती नदी उरली. तेव्हा हाक आली. “हो ऽऽ, कोनी येते का ऽऽ!” आणि मग दुसरी. जशी मी मारली होती तशीच, शेवटी फाटलेली. म्हणजे त्या दिवशी ती त्याला ऐकू गेली होती. दोन्ही ऐकू गेल्या होत्या, दोन्हींतला फरकसुद्धा.

दिवे लागल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो उठला, मागे वळला आणि त्यानं मला बघितलं. आमच्या मधे पंधरा-वीस रांगा असतील. तो तिथं उभा राहिला आणि मी इथं. तो बोलेल म्हणून मी थांबलो, आणि आता वाटतं, मी बोलेन म्हणून तोही थांबला असेल. लोक त्याच्याभोवती जमले. मी कॉलनीवाल्याला म्हटलं, चल, बस चुकेल.

त्यानंतर त्यानं सिनेमा केला नाही. मी गणपतीत काम करणं सोडलं. दोन-तीन वर्षांनी एका सकाळी कॉलेजात शिकवता शिकवता तो खाली बसला तो उठला नाही. मला चार दिवसांनी कळलं.

मी भेटायला गेलो तेव्हा घरातली गर्दी ओसरली होती. वहिनी एकट्याच होत्या. मला बघून रडल्या नाहीत. टेपरेकॉर्डर पुढ्यात ठेवलेला होता.

“त्यांचा आवाज कुठंच नाही हो, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांचे आवाज भरले. स्वतःचा म्हणून एक नाही. आहे ती ही डोंगेवाल्याची टेप. आणि ती लावली की तुम्हीच बोलता.”

मी म्हटलं, “मले बोलावलं काहून नाही त्यांनी?”

“मी रोज म्हणत होते, बोलवा. ‘तो येणार नाही’ म्हणायचे. मग आवाज काढायला बसले. महिनाभर घरात तेवढंच. तुमच्यासारखं बोलल्याशिवाय तोंडात बसणार नाही म्हणून दिवसभर तसंच बोलायचे. वहिनी, भाजी वाढा, म्हणायचे मला. मला, स्वतःच्या बायकोला! मी हसायची. एवढ्या खुशीत मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.”

त्या महिन्यात मी खापरखेड्याला दार लावून पंखा बंद करून बसलो होतो.

वहिनींनी टेपरेकॉर्डर बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, “तुम्ही नट आहात. एवढी वर्षं त्यांच्याबरोबर होता. एकदा त्यांच्यासारखं बोलून दाखवाल? काहीही. चष्मा कुठे ठेवला गं, एवढंच म्हणा. रोज म्हणायचे.”

मी म्हटलं. नाकात आवाज घेऊन म्हटलं, हळू म्हटलं, मान तिरपी करून म्हटलं. प्रत्येक वेळी खापरखेड्याचा ऑपरेटर चष्मा मागत होता. सात-आठ वर्षं मी त्या माणसासमोर उभा राहिलो आणि त्याचं एक वाक्य मला येत नव्हतं. त्याला मात्र मी पूर्ण येत होतो, घसा खाकरण्यासकट. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि त्याचा इतका हेवाही.

“राहू द्या,” वहिनी म्हणाल्या. “तुमच्यासारखंच बोला. ते तसंच बोलायचे.”

“काय बोलू?”

“काहीही.”

कितीतरी वर्षांत मला कुणी बोल म्हटलं नव्हतं. मी बोलायला लागलो. नवीन आलेल्या साहेबाबद्दल बोललो, कॉलनीत पाणी किती वाजता येतं ते सांगितलं, स्टोव्ह बदलून गॅस घेतला ते सांगितलं. मध्येच घसा खाकरला तेव्हा वहिनी किंचित हसल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि भिंतीला टेकून त्या ऐकत होत्या. त्या मला ऐकत नव्हत्या हे मला दिसत होतं. तरी अंधार पडेपर्यंत मी बोलत राहिलो.